सेकंड हँड गाडी घेताय? आधी एअरबॅगचा दिवा बघा

जुनी गाडी घेताना मीटर पाडलेला, म्हणजे किलोमीटरचा आकडा कमी केलेला, नाही ना हे बघायचं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. विकणाऱ्यांनाही. मला ज्याने गंडवलं त्याने मीटरला हातच लावला नव्हता. सर्व्हिसच्या पावत्यांशी आकडा तंतोतंत जुळत होता, पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज त्या रनिंगला शोभेल इतकीच होती. गिऱ्हाईक जिथे बघतं तिथे सगळं चोख ठेवायचं, म्हणजे बाकीच्या गाडीवर आपोआप विश्वास बसतो. एवढाच त्याचा हिशोब.

गाडी मध्यम आकाराची सेदान, दहा-बारा वर्षांची. जाहिरातीत ‘घरची गाडी, एकच मालक, अपघात नाही’ असं लिहिलेलं. माणूस बोलायला गोड. गाडी दाखवायला आणायचा ती चालू इंजिननेच. आम्ही जवळ पोचेपर्यंत दार उघडून उभा, एसी लावलेला, ‘बसा, एक राउंड मारून या’ असा आग्रह. चावी आमच्या हातात कधी आलीच नाही. तेव्हा तो पाहुणचार वाटला. इंजिन गरम करून आणलं की थंड असतानाचा खडखडाट आणि धूर लपतो, हे ठाऊक असल्याने त्यावर मी थोडं ताणलं, तर त्याने गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा साधा स्कॅनरही हसत लावू दिला. इंजिनचा एकही कोड नाही. इंजिन खरंच उत्तम आहे, आजही.

त्याला लपवायचे होते ते चावी फिरवल्यापासून इंजिन चालू होईपर्यंतचे काही सेकंद.

व्यवहार झाल्यावर एकदा कुणाची तरी वाट बघत मी गाडीत बसलो होतो. चावी ऑन, इंजिन बंद, गाणी चालू. समोर लाल दिवे लागलेले. बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा इंजिन चालू होईपर्यंत राहतोच, त्यात विशेष काही नाही. पण त्यांच्या जोडीला एअरबॅगचा दिवाही तसाच होता. हा दिवा चावी ऑन केल्यावर काही सेकंद लागतो, सिस्टिम स्वतःची तपासणी करते आणि सगळं ठीक असेल तर तो आपोआप विझतो. इंजिन चालू असो वा नसो. माझा विझेना. इंजिन चालू केलं, तर ऑइलच्या दिव्याबरोबर त्याच क्षणी गेला.

मेकॅनिकला सांगितलं तर तो आधी काही बोललाच नाही, सरळ मीटरचं पॅनेल बाहेर काढलं. मागच्या बाजूला ऑइलच्या दिव्यापासून एअरबॅगच्या दिव्यापर्यंत एक बारीक तार सोल्डर केलेली, वर काळी टेप. काम इतकं सफाईदार की हा पहिलाच प्रयोग नसावा. मग बॅटरी सोडवून, थोडा वेळ थांबून त्याने स्टिअरिंगचं मधलं झाकण उघडलं. एअरबॅगच्या जागी स्पंजचा चौकोनी तुकडा, कडा कात्रीने कापलेल्या. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डच्या आत तेवढंही नव्हतं. चांगला स्कॅनर जोडल्यावर एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेची नोंद सापडली. साधा स्कॅनर इंजिनपुरतंच वाचतो, एअरबॅगपर्यंत जात नाही. म्हणूनच तो हसत होता.

तेव्हा गाडी बघायला जाल तर ती बंद आणि थंड असताना बघायची, हे फोनवरच ठरवून घ्या. चावी स्वतः फिरवा, पण लगेच स्टार्ट मारू नका. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर तो काढलेला किंवा तोडलेला असू शकतो. लागून तसाच राहिला आणि इंजिन चालू केल्यावर इतर दिव्यांबरोबरच विझला तर तो दुसरीकडे जोडलेला असण्याची दाट शक्यता. एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, दिव्यावरही असंच लक्ष ठेवा.

याहून हुशार लोक एअरबॅगच्या जागी एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा छोटा पार्ट, बसवतात. मग युनिटला एअरबॅग जागेवर आहे असंच वाटतं, दिवाही शहाण्यासारखा वेळेत विझतो. तिथे डोळेच कामाला येतात. स्टिअरिंगच्या झाकणाचा रंग बाकीच्या प्लास्टिकशी जुळतो का, डॅशबोर्डवर नवं आवरण चढवलंय का. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या लेबलवरची तारीख गाडीच्या वयाशी ताडून बघा. जोरदार धडकेत पट्टा आवळणारा भागही उडतो, नंतर पट्टा अडकतो किंवा ढिला पडतो. बॉनेट उघडून फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, बोल्टवर पान्याचे ओरखडे शोधा. माझ्या गाडीत ते होते, आणि वरून रंगाचा हात मारलेला होता.

विकणाऱ्याला फोन केला. ‘बघून घेतलीत ना? कागदावर “आहे त्या स्थितीत” असं लिहिलंय.’ नंतर फोन लागेना. जाहिरात तर व्यवहार झाल्या दिवशीच काढून टाकली होती, पण ‘अपघात नाही’ या ओळीसकट तिचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. पावतीवरही ती ओळ लिहून मागा. जो लिहायला कचरेल त्याच्याकडून गाडी घेऊ नका.

दुरुस्तीचं म्हणाल तर दोन्ही एअरबॅग, कंट्रोल युनिट, बेल्ट आणि डॅशबोर्ड मिळून खर्च जुन्या गाडीच्या किमतीला भिडतो. हे लोक तार का जोडतात ते त्यात आलं. भंगारातली एअरबॅग स्वस्तात बसवून देतो म्हणणारेही भेटले. मी नाही म्हणालो. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षांत बिघडायचं आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडायचे. त्यापायी जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भंगारातला भाग कुठल्या गाडीतून आला, पाण्यात बुडाला होता का, हे कोण सांगणार? आणि तुमच्या गाडीत मूळ एअरबॅग असली, तरी चासी नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते तपासा.

मी तक्रार दिली आहे. स्क्रीनशॉट, पावती आणि मेकॅनिकचा लेखी अहवाल जोडला आहे. सर्वात जास्त उपयोग झाला तो फोटोंचा. मेकॅनिकने तार आणि स्पंज काढायच्या आधी, मीटरचा आकडा आणि चासी नंबर दिसेल असे फोटो घेतले होते. अशी वेळ आली तर काहीही सोडवण्याआधी तेवढं करून घ्या. एकदा पार्ट बदलला की तो त्याच गाडीतून निघाला हे दाखवता येत नाही.