सीमध्ये फाईल कॉपी: एफगेटसी, एफरीड की रीड-राइट?

कमांड लाइनवरून दोन नावं घ्यायची, तर आर्गसी (आर्ग्युमेंटची संख्या) ३ हवा. आर्गव्ही या आर्ग्युमेंटच्या यादीत ० जागेवर प्रोग्रॅमचं नाव, १ वर मूळ फाईल, २ वर नवी. आकडा चुकला तर वापरायची पद्धत एसटीडीएररवर (चुकांचे संदेश जातात तिथे) छापून बाहेर पडा. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. खरी निवड वाचून लिहिणाऱ्या लूपची.

एकेक बाइट वाचणारं-लिहिणारं एफगेटसी-एफपुटसी शिकताना उत्तम, आणि अक्षरागणिक बदल करायचा असेल तेव्हाही. मात्र एफगेटसी इंट (पूर्णांक) परत करतं. ते कॅरमध्ये (एका बाइटच्या प्रकारात) ठेवलंत आणि कॅर साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) असेल, तर २५५ किमतीचा बाइट -१ होतो, लूप त्यालाच ईओएफ (फाईल संपल्याची खूण) समजतो. साधी टेक्स्ट फाईल व्यवस्थित उतरते, फोटो अर्धवट राहतो. म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. कॅर अनसाइन्ड असेल तर लूप थांबतच नाही.

नेहमीच्या कामाला गठ्ठ्याने वाचणारं-लिहिणारं एफरीड-एफराइटच घ्या. वेग चांगला, आणि कोड विंडोज-लिनक्स दोन्हीकडे चालतो. फक्त एफराइटला बफरचा (वाचलेले बाइट तात्पुरते ठेवायच्या जागेचा) आकार देऊ नका, एफरीडने परत केलेला आकडा द्या. समजा बफर ८१९२ बाइटचा आणि फाईल १०००० बाइटची. दुसऱ्या फेरीत १८०८ बाइटच येतात. तरीही पूर्ण बफर लिहिला तर प्रत १६३८४ बाइटची होते, शेवटचे ६३८४ बाइट आधीच्या फेरीतले उरलेले.

रीड-राइट हे थेट सिस्टीम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला केलेल्या विनंत्या. एकेक बाइट वाचलात तर १ एमबीच्या फाईलला वाचण्याचेच दहा लाखांवर कॉल होतात. ६४ केबीचा बफर घेतला की १६, शिवाय शेवट कळवणारा एक. राइट कधी मागितल्यापेक्षा कमी लिहितं, त्यामुळे उरलेल्यासाठी आतला लूप लागतोच. नवी फाईल बनवताना ओपनला ०६४४ सारखा परवानग्यांचा तिसरा आर्ग्युमेंट विसरलात तर परवानग्या कशाही लागतात. मूळ फाईलच्या परवानग्या प्रतीतही हव्या असतील, तर मात्र हा खटाटोप सार्थकी लागतो.

एफओपनला मोड आरबी आणि डब्ल्यूबीच (बायनरी वाचन आणि लेखन) द्या. नाहीतर विंडोजवर १० चा बाइट (नवी ओळ) लिहिताना त्याआधी १३ घुसतो. दोन्ही नावं एकाच फाईलची निघाली तर डब्ल्यूबी ती उघडतानाच रिकामी करतो. नावांची तुलना पुरत नाही, लिंक (त्याच फाईलकडे नेणारं दुसरं नाव) फसवते. लिनक्सवर फाईलची माहिती देणाऱ्या स्टॅटमधून डिव्हाइस आणि आयनोड (डिस्कवरची फाईलची ओळख) क्रमांक पडताळा. एफक्लोजचं उत्तरही तपासा, कारण डिस्क भरल्याचं कित्येकदा तिथेच कळतं.