मांडू की महेश्वर? इंदूरहून एकच दिवस हाताशी असेल तर

दिवाळी झाली की पुण्या-नागपूरकडून फोन सुरू होतात, अगं आम्ही येतोय, उज्जैन-ओंकारेश्वर ठरलंय पण मध्ये एक दिवस मोकळा आहे, मांडू करू की महेश्वर? आमचं घर इंदूरलाच, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत पाहुण्यांना घेऊन दोन्हीकडे किती वेळा गेले ते आता आठवतही नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

दोन्ही गावं इंदूरहून साधारण नव्वद-शंभर किलोमीटर, गाडीने अडीच-तीन तास धरा, म्हणजे अंतरावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते कोण येतंय आणि कुठल्या महिन्यात येतंय यावरून.

आधी मांडू, आमच्याकडची जुनी माणसं अजून मांडवगडच म्हणतात. विंध्याच्या पठारावर, तिन्ही बाजूंना खोल दऱ्या, आणि वर माळव्याच्या सुलतानांची अख्खी राजधानी पसरलेली. इथे काचेच्या कपाटातलं म्युझियम शोधत बसू नका, छप्पन महालात छोटं संग्रहालय आहे ते वेळ उरला तर बघा, खरं बघायचंय ते उघड्यावर आहे. जहाज महाल दोन तळ्यांच्या मधे उभा, १२० मीटरच्या आसपास लांब, आणि त्याच्या गच्चीवर एक गोष्ट आहे जी गर्दीत सगळे ओलांडून जातात. पावसाचं पाणी हौदात आणणारी दगडात कोरलेली पन्हळ, सरळ नाही, जिलबीसारखी वळणावळणाची. पाण्याचा जोर कमी व्हावा आणि गाळ मागे राहावा म्हणून. आम्ही एकदा ऑगस्टमध्ये वर होतो तेव्हा सर आली, सगळे आडोशाला पळाले आणि माझी भाची तिथेच उकिडवी बसून वळणावळणाने फिरणारं ते पाणी बघत राहिली, उठायलाच तयार नाही.

माळव्याचा सुलतान होशंगशहा याची कबर चुकवू नका. संगमरवरी घुमटाची, आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या संगमरवरी कबरींपैकी एक, पंधराव्या शतकातली. दारावरच्या शिलालेखात १६५९ साली शाहजहानचे वास्तुकार उस्ताद हामिद आणि सोबतचे तिघं इथे येऊन गेल्याची नोंद आहे, म्हणजे ताजमहाल उभा राहिल्यानंतर त्या दरबारची माणसं या कबरीला मान द्यायला एवढ्या लांब आली. आत शांत उभं राहिलं की जाळीतून येणारा उजेड फरशीवर पडलेला दिसतो, मला तिथे प्रत्येक वेळी भरून येतं. शेजारी १४५४ सालची जामी मशीद, समोर अशर्फी महालाचे अवशेष, हे सगळं एकाच चौकात. हिंडोला महालाच्या भिंती इतक्या तिरक्या की झोका घेतोय असं वाटतं, तो जहाज महालाच्या आवारातच आहे.

रूपमती मंडप मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाच-सहा किलोमीटर, आणि वर पायऱ्या. १५६१ मध्ये अकबराचा सरदार अधमखान चालून आला, माळव्याचा सुलतान बाज बहादूर पळाला आणि त्याच्या लाडक्या रूपमतीने विष घेतलं अशी कथा, ती तुम्हाला गाइड रंगवून सांगेलच. हवा स्वच्छ असेल तर वरून खाली निमाडात नर्मदा दिसते, एक पांढरी रेघ. गुडघेदुखीवाल्यांना तिथवर नेणं जिवावर येतं. तिकीट तीन ठिकाणी वेगवेगळं काढावं लागतं, सायकली भाड्याने मिळतात, तरुण मंडळी असतील तर सायकलच घ्या.

हाताची कला म्हणाल तर मांडूत थोडी निराशा होईल. धार जिल्ह्यातलीच बाघ प्रिंट दुकानांत मिळते, लाल-काळी, लाकडी ठशांची, लोखंडाच्या गंजातून केलेला काळा रंग, पण ती छापतात ती बाघ गावात, आणि ते इथून बरंच लांब, एका दिवसात जोडता येत नाही. घरी न्यायला मांडूची चिंच मात्र घ्याच, रस्त्याच्या कडेला विकतात, नारळाएवढं मखमली सालीचं फळ आणि आत पांढरा आंबट गर, पोरं वाटभर चोखत बसतात. ती झाडंही बघा, गोरखचिंच म्हणतात ना तीच, बुंधा इतका जाड की चार माणसांनी कवेत घ्यावा. आणि जेवायला दाल-पानिये, मक्याच्या पिठाचे, पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले, वर तूप मागून घ्या.

आता महेश्वर. इथे चढण नाही, खाली नर्मदा, वर किल्ला आणि किल्ल्यात अहिल्याबाईंचा वाडा. राजवाडा म्हटलं की लोक झुंबरं शोधतात, आणि इथे साधं लाकडी खांबांचं घर, ओसरी, बसायची गादी, देवघर. १७६७ ते १७९५ त्यांनी इथून कारभार केला, काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट-देवळं बांधणाऱ्या बाईंची बैठक इतकी साधी होती हे डोळ्यांनी बघितल्यावर माझी सासू गादीसमोर हात जोडून उभी राहिली आणि कितीतरी वेळ बोललीच नाही. मातीची छोटी छोटी शिवलिंगं रोज करून नर्मदेत सोडायची त्यांची प्रथा अजून चालू आहे, सकाळी गेलात तर बघायला मिळते.

घाटाकडे उतरताना विठोजी होळकरांची छत्री लागते. पुणेकरांनी इथे जरा थांबावं, कारण हेच ते विठोजी ज्यांना १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिलं आणि पुढच्याच वर्षी त्यांचे भाऊ यशवंतराव होळकर पुण्यावर चालून गेले. छत्रीच्या खालच्या पट्टीत हत्ती-घोड्यांच्या रांगा कोरल्यात, जवळ जाऊन बघा.

आणि हातमाग! यासाठीच मी महेश्वरचं नाव पुढे करते. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून वसवले, मधल्या काळात धंदा बसत चालला होता, १९७०च्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकरांनी विणकरांसाठी रेवा सोसायटी ही संस्था सुरू केली तेव्हा पुन्हा माग वाजायला लागले. आज गल्लीतून चाललात तरी खटखट ऐकू येते. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, म्हणून साडी हातात घेतली की हलकी लागते आणि तरी चमकते. काठावर चटाई, वीट, लाट असे नमुने, किल्ल्याच्या दगडावर जे कोरलंय तेच काठात आलंय असं विणकर सांगतात, आणि आधी किल्ला बघून गेलात तर ते लगेच पटतं. काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्याला बुगडी म्हणतात, साडी उलटी नेसली तरी कळत नाही.

खरेदीचं मात्र नीट ऐका. मी एकदा घाईत एका दुकानातून बहिणीसाठी साडी घेतली, हातमागाची म्हणून, दोन धुण्यांत कळलं की पॉवरलूमची. तेव्हापासून मी हँडलूम मार्क बघते, साडी उलटून काठ तपासते, आणि शक्यतो जिथे माग डोळ्यांसमोर चालतोय तिथूनच घेते. फारच स्वस्त सांगितली तर उठा सरळ.

मग जायचं कुठे? जुलै ते सप्टेंबर असेल आणि सगळे चालते-फिरते असतील तर मांडू, डोळे मिटून. तळी भरलेली, ढग महालात शिरतात, तेव्हाचा मांडू वेगळाच. रविवार तेवढा टाळा, वरच्या दरवाजात गाड्या अडकतात. त्याच दिवसांत महेश्वरला नर्मदा गढूळ, खालच्या पायऱ्या पाण्यात, नाव बंद, अर्धी मजा जाते. हिवाळ्यात उलटं, आणि सोबत आई-आजी असेल तर महेश्वरच, संध्याकाळी नाव करून नदीच्या मधल्या बाणेश्वराच्या देवळात जाऊन या आणि मग घाटावर नुसतं बसा. एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडे ऊन भाजून काढतं, तरी जायचंच असेल तर महेश्वर, निदान पाणी तरी आहे, मांडूची तळी तेव्हा आटलेली असतात.

दोन्ही एका दिवसात करू नका, हे कळकळीने सांगते. नकाशावर दोघांत चाळीसेक किलोमीटर दिसतात म्हणून आम्ही आईला घेऊन केलं होतं, मांडूहून निघायलाच चार वाजले, महेश्वरला पोचलो तेव्हा अंधार, माग बंद, वाडा बंद, आणि आईला ती गादी बघायची होती ती राहिलीच, पुन्हा तिचं येणं झालं नाही. एक रात्र जास्तीची काढता आली तर सकाळी मांडू, मुक्काम महेश्वरला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घाट, मग वाडा, मग माग. मागवाल्यांचा सुट्टीचा वार तेवढा आधी फोन करून विचारून घ्या.