गिव्हडायरेक्टली: गरिबाच्या हातात थेट पैसा देणारी सेवा

केनियातल्या सियाया काउंटीत (जिल्ह्यात) गिव्हडायरेक्टली ही संस्था निवडलेल्या कुटुंबांना सुमारे १००० डॉलर एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेने, थेट फोनवर पाठवत आली आहे. आधी घरोघरी नोंदणी, मग पडताळणी. फोन नसेल तर तो घ्यायला मदत मिळते. रक्कम आली की गावातल्या एजंटकडून रोख काढायची. खर्च कशावर करायचा हे कुटुंबच ठरवतं, आणि हीच या सेवेची खरी ताकद आहे.

सर्वात ठळक बदल डोक्यावर दिसतो. गवताचं छप्पर गळतं, कुजतं, पुन्हापुन्हा शाकारावं लागतं. पत्रा घातला की तो वारंवारचा खर्च थांबतो. याच काउंटीतल्या रारिएदा भागातल्या अभ्यासात एकरकमी पैशातून पत्रे, गुरं अशा मोठ्या वस्तू आल्या, तर मासिक हप्त्यांनी पोटभर जेवणाची खात्री वाढवली. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. गरीब माणूस असा पैसा व्यसनात उडवेल, ही शंका आता सोडायलाच हवी!

सियायातल्याच ६५३ गावांतल्या मोठ्या प्रयोगात पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचंही उत्पन्न वाढलं आणि महागाई नगण्य राहिली.

उणीव गंभीर आहे. काँगोत सिमकार्डांची नोंदणी संस्थेच्याच कर्मचाऱ्यांकडे गेली, त्यातल्या काहींनी पैसे लाटले आणि २०२२ मध्ये सुमारे ९ लाख डॉलर गरिबांपर्यंत पोचलेच नाहीत. सिम लाभार्थ्याच्याच नावावर, त्याच्याच हातात हवं. इथे सवलत नको. शिवाय दवाखाना आणि पाण्याची लाइन यातून होत नाही, ते काम सरकारचंच.