‘तुमचं आडनाव अमेरिकेत मोजक्याच घरांत उरलंय’: जर्मन आडनावांच्या नावाखाली होणारी फसवणूक

पत्र असो वा ईमेल, सुरुवात ठरलेली असते. तुमचं आडनाव अतिशय दुर्मिळ आहे, संपूर्ण अमेरिकेत ते लावणारी मोजकीच घरं आहेत, आणि त्यांचा उगम जर्मनीतल्या एका जुन्या घराण्यात आहे. पुढे विकायला काहीतरी असतं. चामड्यासारख्या कागदावर छापलेलं कुलचिन्ह, घराण्याचा ‘इतिहासग्रंथ’, बाराव्या शतकापर्यंत जाणारी वंशावळ, किंवा बेवारस पडलेल्या इस्टेटीत वाटा. वस्तू बदलते, पण ज्या पायावर ती विकली जाते तो दुर्मिळपणाचा दावा प्रत्येक वेळी तोच असतो. म्हणून आधी तो तपासावा.

जर्मन आडनाव अमेरिकेत दुर्मिळ दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा स्पेलिंग असतं. १७२७ पासून पेनसिल्व्हेनियात उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना, म्हणजे सोळा वर्षांवरच्या सगळ्यांना, राजनिष्ठेची शपथ घेऊन सही करावी लागे. ज्याला सही येत नसे त्याचं नाव कारकून लिहायचा, आणि इंग्रजी कानाला ऐकू आलं तसं लिहायचा. प्फायफरचा फायफर झाला, कुन्ट्झचा कून्स, याएगरचा येगर, क्लाइनचा क्लाइनच राहिला पण सुरुवातीचं अक्षर बदललं. काहींनी पुढे नावाचं सरळ भाषांतर केलं. त्सिमरमान म्हणजे सुतार, तो झाला कार्पेंटर. श्वार्त्स झाला ब्लॅक. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव अंगावर बाळगणं जड जाऊ लागलं, तेव्हा आणखी कितीजणांनी नावं बदलली. राष्ट्राध्यक्ष हूवर यांचं घराणं मूळचं हूबर. जनरल कस्टर यांचं क्यूस्टर, म्हणजे चर्चची देखभाल करणारा, आपल्याकडचा गुरव म्हणा.

(एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याने नाव बदललं, ही गोष्ट विकणारे हमखास सांगतात. एलिस बेट, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र, सुरू झालं १८९२ मध्ये. प्रवाशांची यादी जहाज सुटतानाच, तिकडच्या बंदरात, जहाज कंपनीचे लोक तयार करत. बेटावरचा अधिकारी ती समोर ठेवून प्रश्न विचारायचा. पत्रात ही गोष्ट दिसली की लिहिणाऱ्याने मूळ कागद पाहिलेला नाही, एवढं समजावं.)

आता आकडा. अमेरिकेचं जनगणना खातं आडनावांची यादी फुकट देतं. २०१० च्या यादीत १,६२,२५३ आडनावं आहेत. १०० किंवा त्याहून जास्त वेळा आलेलीच तीत घेतली आहेत. पहिलं स्मिथ, २४,४२,९७७ लोकांचं. मिलर सातवं, ११,६१,४३७ लोकांचं. त्यांत श्मिट आणि म्युलर यांचे किती वंशज मिसळलेत ते यादी पाहून कळणार नाही. तुमचं आडनाव यादीत सापडलं नाही तर त्याचा अर्थ एवढाच, की त्या विशिष्ट स्पेलिंगचे लोक शंभरापेक्षा कमी आहेत. २००० च्या जनगणनेत साठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं नोंदली गेली आणि त्यांतली बहुसंख्य एकेकाच माणसाच्या नावापुढे होती. यांत हस्ताक्षर चुकीचं वाचल्याने जन्माला आलेली नावंही भरपूर. ‘देशात फक्त चारजण’ हा दावा अक्षरशः खरा असू शकतो आणि तरीही त्याला काडीचा अर्थ नसू शकतो.

स्वतः मोजायचं असेल तर आधी स्पेलिंगांची यादी करावी. ‘ओ’वर दोन टिंबं असतील तर नुसता ‘ओ’ आणि ‘ओ-ई’ असे दोन्ही प्रकार घ्यावेत, ‘यू’चंही तसंच. सी-के-जी, बी-पी, डी-टी, एफ-व्ही-पीएफ यांची अदलाबदल करून पाहावी. अमेरिकी अभिलेखागारांत साउंडेक्स नावाची ध्वनिसूची वापरतात. तीत श्मिट आणि स्मिथ दोघेही एस-५३० मध्ये पडतात, पण पहिलं अक्षर बदललं की ती फसते: प्फायफर पी-१६० मध्ये, फायफर एफ-१६० मध्ये. एकच घराणं दोन कप्प्यांत. जुन्या जर्मन लिपीत ‘ई’ आणि ‘एन’ जवळजवळ सारखे दिसतात, हेही ध्यानात ठेवावं. आणखी एक सापळा म्हणजे स्त्रियांच्या नावामागचा ‘इन’. चर्चच्या वहीत म्युलरच्या मुलीचं आडनाव म्युलरिन लिहिलेलं असतं. हे ‘इन’ निव्वळ स्त्रीलिंगाचं आहे. ‘म्युलरिन हे तुमच्या पणजीचं अतिदुर्मिळ सरदारी आडनाव’ असं सांगून त्याचे पैसे घेतले जातात.

दुर्मिळपणाचा दावा एकदा गळी उतरला की पुढचं आपोआप मान्य होतं: आडनाव दुर्मिळ, म्हणजे ते लावणारे सगळे एका रक्ताचे. हे चुकीचं का, ते मराठी माणसाला समजावण्याची फारशी गरज नाही. जर्मन शुल्ट्स किंवा शुल्त्से म्हणजे गावचा मुखिया, आपला पाटील; आणि सगळे पाटील एकमेकांचे भाऊबंद नसतात. मायर म्हणजे जमीनदाराचा कारभारी. गावावरून पडलेलं नाव म्हणजे आपलं ‘कर’ लावलेलं नाव, त्यात गावाखेरीज काही सिद्ध होत नाही. वायव्य जर्मनीतल्या वेस्टफालियात तर गंमतच आहे. तिथे आडनाव शेतवाडीला चिकटलेलं असायचं. वाडीच्या वारस मुलीशी लग्न करून तिथे राहायला गेलेला नवरा वाडीचं नाव लावू लागे, आणि मुलंही तेच. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी आणि परक्यांची एक, हे तिथे नेहमीचं. कागदावर ‘गेनान्ट’ हा शब्द, म्हणजे ‘उर्फ’, दिसला की थांबून वाचावं.

कुलचिन्हाचा धंदा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत स्वस्त. विक्रेत्याकडे संगणकात भरलेला एक जुना कोश असतो. बहुधा तो रीटस्टापचा असतो. एकोणिसाव्या शतकातल्या या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक लाखाहून अधिक ढालींची, म्हणजे ढालीवर काढलेल्या कुलचिन्हांची, वर्णनं आहेत. किंवा १६०५ पासून निघालेला झीबमाखरचा चित्रकोश. तुमच्या नावाशी जुळणारी पहिली नोंद काढायची, चित्र छापायचं, चौकट लावायची. नोंद खोटी नसते. ती तुमची नसते. जर्मन परंपरेत ढाल आडनावाला मिळत नाही, एका माणसाला आणि त्याच्या थेट वंशजांना मिळते. शेतकऱ्या-कारागिरांच्याही ढाली असत, त्यामुळे ढाल म्हणजे सरदारकी हेही खरं नाही. ‘फॅमिली क्रेस्ट’ हा शब्द तर सरळ चुकीचा. क्रेस्ट म्हणजे शिरस्त्राणावरचा तुरा, ढालीवरचं चिन्ह नव्हे.

राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचं नाव इथे उपयोगी पडतं. मूळ आयझेनहाउअर, लोखंड तोडणारा. हे घराणं आजच्या झारलँडमधल्या कार्ल्सब्रुन गावाकडचं, १७४१ मध्ये पेनसिल्व्हेनियात आलेलं, साध्या शेतकऱ्यांचं. डेन्मार्कने आयसेनहॉवर यांना ऑर्डर ऑफ द एलिफंट हा किताब दिला. त्या किताबाच्या मानकऱ्यांच्या ढाली फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्याच्या चॅपेलमध्ये लावायचा रिवाज आहे, म्हणून त्यांच्यासाठी ढाल करण्यात आली: सोनेरी पृष्ठभागावर निळी ऐरण. म्हणजे राष्ट्राध्यक्षाची ढालसुद्धा त्याच्यापासून सुरू झाली. तरी ‘आयसेनहॉवर घराण्याचं प्राचीन कुलचिन्ह’ छापलेला कप विकत मिळतोच. अमेरिकेत खासगी घराण्यांच्या ढालींवर देखरेख करणारं सरकारी खातं नाही, त्यामुळे ही विक्री गुन्हा ठरत नाही. शिवाय तळाशी बारीक अक्षरांत ‘वंशसंबंधाचा दावा नाही’ असं लिहिलेलं असतं. ते आधी वाचावं.

ग्रंथाचा प्रकार थोडक्यात सांगता येईल. आडनावावर अख्खं पुस्तक असल्याची जाहिरात येते. पुस्तकात पहिली पन्नास-साठ पानं स्थलांतराबद्दलची, जी सगळ्या आडनावांना तीच; उरलेलं म्हणजे टेलिफोन डिरेक्टरीतून काढलेली नावं-पत्ते. अमेरिकन टपाल खात्याने अशा विक्रीवर कारवाई केलेली आहे. ओळखायची खूण: आडनावाच्या जागी दुसरं नाव घातलं तरी जाहिरातीतलं एकही वाक्य बदलावं लागत नाही.

खरी हुशारी लागते ती बनावट वंशावळीला. तिचा उस्ताद म्हणजे गुस्ताव्ह आंजू. स्वीडनमध्ये जन्म, तिथे बनावट कागदपत्रांसाठी शिक्षा, मग न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर राहून श्रीमंतांना वंशावळी विकणं. एकेकीचे सुमारे नऊ हजार डॉलर. तो १९४२ मध्ये वारला, पण त्याच्या वंशावळी ग्रंथालयांतून अजून नकलून घेतल्या जातात. त्याची पद्धत आजही तशीच्या तशी चालते. शेकडो संदर्भ द्यायचे आणि ते खरे द्यायचे. तपासणारा दहा संदर्भ उघडतो, दहाही बरोबर निघतात, तो निर्धास्त होतो. खोटा कागद एखादाच, दोन घराण्यांना जोडणाऱ्या सांध्यावर ठेवलेला, आणि नेमका त्याचाच पत्ता दिलेला नसतो. त्यामुळे वंशावळ तपासताना वरून खाली वाचत बसू नये. सांधे शोधावेत: समुद्र ओलांडला ती पिढी, आणि गाव बदललं ती पिढी. तिथे कोणती वही, कोणतं चर्च, कितवं पान, हे मागावं.

काही गोष्टी तर कागद न पाहताही फेटाळता येतात. जर्मन मुलखात आडनावं स्थिरावली साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात. १०६६ मधला पूर्वज आजचं आडनाव लावून उभा असेल तर तो कल्पित आहे. नैऋत्य जर्मनीतल्या पफाल्झसारख्या भागात १६१८ ते १६४८ च्या युद्धाने आणि त्यानंतरच्या फ्रेंच स्वाऱ्यांनी चर्चच्या पुष्कळ वह्या जळाल्या. तिथल्या शेतकरी घराण्याची अखंड वंशावळ तेराव्या शतकापर्यंत नेणाऱ्याला विचारावं, कशावरून? नावाआधीचा ‘फॉन’ उत्तरेत पुष्कळदा नुसता ‘अमुक गावचा’ एवढ्याच अर्थाचा असतो. आणि ‘तुम्ही मुळात जर्मन नाहीच, फ्रेंच सरदार’ हा डावही जुना आहे. रॉकफेलरांना फ्रान्समधल्या रोकफॉय घराण्याशी जोडणारी कथा अशीच फिरत होती. नाव आहे नॉयवीडजवळच्या रॉकेनफेल्ड या छोट्या गावावरून.

इस्टेटीच्या पत्रात रक्कम मोठी जाते. फिलाडेल्फियातल्या ‘बेकर इस्टेट’चं प्रकरण अनेक वर्षं चाललं: शहराच्या मधोमध असलेली जमीन जेकब बेकर नावाच्या पूर्वजाची, आणि आडनाव जुळणाऱ्या कुणीही फी भरून वारस म्हणून नाव नोंदवावं. १९३० च्या दशकात टपाल निरीक्षकांनी ते उघडं पाडलं आणि चालवणाऱ्यांना शिक्षा झाल्या. आजच्या पत्रांत ९९ वर्षांचा भाडेपट्टा नुकताच संपलेला असतो आणि ‘कागदपत्रांचा खर्च’ आगाऊ मागितलेला असतो. वारस शोधून देणारे खरे व्यावसायिक वाटा मिळाल्यावर त्यातून टक्के घेतात, आधी नाही. अमेरिकेतल्या राज्यांकडे जमा असलेली बेवारस रक्कम त्या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर नाव टाकून फुकट शोधता येते. आडनाव सारखं असल्याने कुणी वारस होत नाही. नातं पिढी-दर-पिढी दाखवावं लागतं.

ते नातं स्वतः काढण्याचा क्रम असा. आपल्यापासून मागे जावं, कधीही प्रसिद्ध पूर्वजापासून पुढे नाही. १९५० पर्यंतच्या अमेरिकी जनगणनेच्या याद्या खुल्या आहेत. १८९० ची बहुतेक सगळी १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाली, त्यामुळे ‘१८९० च्या जनगणनेनुसार’ असं म्हणणाऱ्याकडे पानाची प्रत मागावी. जनगणनेत जन्मस्थान ‘प्रशिया’ किंवा ‘बाडेन’ एवढंच मिळतं. गाव मिळतं ते अमेरिकेतल्या जर्मन भाषिक चर्चच्या लग्न-मृत्यूच्या नोंदींत, थडग्यावर, किंवा २७ सप्टेंबर १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या कागदांत. हाम्बुर्गच्या प्रवासी याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या आहेत. ब्रेमेनच्या जुन्या याद्या गेल्या, म्हणून ‘ब्रेमेनची १८८० ची मूळ यादी’ विकणाऱ्यापासून लांब राहावं. गावाचं नाव मिळालं की मायर्सच्या भूकोशात पाहावं, कारण नॉयश्टाट एक नाही, डझनावारी आहेत, आणि विक्रेता किल्ला असलेलंच निवडतो. मग चर्चच्या वह्या: कॅथलिक पुष्कळशा माट्रिकुला या संकेतस्थळावर फुकट, प्रोटेस्टंट आर्किऑन या संकेतस्थळावर वर्गणी भरून. सरकारी नोंदी संपूर्ण जर्मनीत १८७६ पासून. जन्माच्या ११० वर्षांनी, लग्नाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी त्या सर्वांना खुल्या होतात.

डीएनए चाचणीत आडनावाचा उगम कळत नाही. दोन पुरुषांची पितृरेषा एक आहे का, एवढं वाय-गुणसूत्राच्या चाचणीतून तपासता येतं, आणि तेही दोघांनी चाचणी केली तर.

पैसे गेलेच असतील आणि ते अमेरिकी क्रेडिट कार्डावरून गेले असतील, तर ज्या बिलात ती रक्कम पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत कार्ड कंपनीला लेखी हरकत पोचली पाहिजे. बिल भरायच्या पत्त्यावर नाही, तक्रारीसाठी वेगळा पत्ता छापलेला असतो त्यावर. टपालाने काही आलं असेल तर तक्रार टपाल निरीक्षण सेवेकडे, बाकी संघीय व्यापार आयोगाकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे. पत्राबरोबर पाकीटही जपून ठेवावं. टपालातून फसवणूक झाल्याचं दाखवायचं तर ते टपालानेच आलं हे पाकिटावरच्या शिक्क्याने कळतं, आणि लोक नेमकं तेच आधी फेकून देतात.