ठाण्यात आइस्ड आउट (खड्यांनी मढवलेली) चेन बनवायचीय? आधी हे वाचा

नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीतलं चांदीचं छोटं दुकान, माझ्याकडून साडेचार स्टार. भाचा ट्रॅपचा (रॅप संगीताचा एक प्रकार) वेडा, घरी लॅपटॉपवर बीट्स बनवतो, त्याला शोसाठी क्यूबन लिंक (एकमेकांत घट्ट बसलेल्या जाड कड्यांची चेन) हवी होती, आधी ऑनलाइन मागवलेली पितळेची निघाली आणि घामाने मान हिरवी झाली.

इथल्या काकांनी सगळं सरळ सांगितलं, 925 (म्हणजे 92.5 टक्के शुद्ध) चांदी, वरून सोन्याचं पाणी, खडे मॉइसनाइटचे, म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे पण हिरे नसलेले. डायमंड टेस्टर लावला, बीप वाजला, भाचा खूश, तर काकाच म्हणाले अरे थांब, हे मशीन फक्त उष्णता किती पटकन वाहते ते बघतं, मॉइसनाइटलाही वाजतं, हिरा म्हणून कुणाला सांगू नकोस. आणि परत विकायला आणलीस तर चांदीचेच पैसे मिळतील, खडे आणि मजुरी गेली समज. असं कोण सांगतं हो गिऱ्हाईकाला?

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ट्रॅप अमेरिकेतल्या अटलांटाच्या गरीब वस्त्यांतून आलंय, तिथल्या पोरासाठी गळ्यातली चेन म्हणजे मी यातून बाहेर पडलो हे जगाला दाखवणं, आणि ते मला मनापासून पटतं, आपल्याकडेही हातात पैसा आला की पोरं आईला पाटल्या करतातच. पण पाटली अडीनडीला मोडता येते. रोलेक्सवर बाहेरून हिरे जडवले की कंपनीची वॉरंटीच जाते, लिल उझी व्हर्ट या अमेरिकन रॅपरने 2021 मध्ये कपाळात गुलाबी हिरा बसवला त्याची किंमत 2.4 कोटी डॉलर सांगितली गेली, हे सगळं रोज रिलवर बघून पोरं ईएमआयवर चेन घ्यायला निघतात. भाचाही 12 एमएम रुंदीच्या चेनवर अडून बसला होता, काकांनी 12 आणि 8 दोन्ही गळ्यात घालून आरशासमोर उभं केलं आणि म्हणाले 8 घे, तुझ्या अंगाला हीच शोभते, पैसे पण वाचतील.

काम एकदम सफाईदार. खडे नखाने हलवून बघितले, एकही हलला नाही, लॉक पेटीसारखं आणि दोन्ही बाजूंना छोटे हुक, नाचताना सुटायची भीती नाही. 3 टक्के जीएसटीसकट पक्कं बिल. अर्धा स्टार कापला कारण सांगितलेल्या तारखेपेक्षा बराच उशीर झाला आणि लॉकजवळचं पाणी लवकर उडालं, पण ते फुकट परत चढवून दिलं. पार्किंग अजिबात नाही, स्टेशनवरून चालतच जा.