टोलेडो की सेगोव्हिया?
माद्रिदहून दोन्हीकडे जलद रेल्वे अर्ध्या तासात पोचवते. पण पायांना विचाराल तर ही दोन गावं अगदी वेगळी.

टोलेडोत चढउतार फार. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेली टेकडी, आणि गल्ल्या अशा अरुंद की गाडी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. वाट चुकणार हे धरूनच चाला. सांता मारिया ला ब्लांका मात्र चुकवू नका. हे मूळचं ज्यूंचं सिनेगॉग. पांढऱ्याशुभ्र, घोड्याच्या नालेसारख्या कमानी थेट मशिदीतल्या वाटतात, आणि पुढे त्याचं झालं चर्च! तीन धर्म एकाच दालनात. १२२६ साली पायाभरणी झालेलं भव्य कॅथेड्रल पाहूनही मी पुन्हा इथेच आलो.

सेगोव्हिया सुटसुटीत. स्टेशन गावाबाहेर, तिथून बस. सुमारे २८ मीटर उंच रोमन जलवाहिनीखाली उभं राहून दगडांमधल्या फटी बघा, चुन्याचा मागमूस नाही. तिथून अल्काझार किल्ल्यापर्यंत रमतगमत जाता येतं.

आईबाबा सोबत असतील तर सेगोव्हियाच. फक्त तिथली खासियत म्हणजे भाजलेलं डुकराचं पिल्लू. शाकाहाऱ्यांना टोलेडोचं मार्सिपान बरं, आपल्या बदाम कतलीची सख्खी चुलत बहीणच ती.