सड्यावरच्या नोडसाठी ईएसपी३२ की एनआरएफ५२?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन परिसरात धडकले, तेव्हा किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत वीज आणि मोबाईल एकदमच गेले. अशा वेळेसाठी मेशटास्टिकचे, म्हणजे मोबाईल टॉवरविना एकमेकांचे संदेश पुढे धाडणाऱ्या छोट्या रेडिओंचे (नोडचे) जाळे उभारायचे, तर पहिला प्रश्न बोर्डाचा येतो: ईएसपी३२ चिपचा घ्यावा की एनआरएफ५२ चिपचा?

दोन्ही प्रकारांत लोरा चिप (कमी विजेत लांबवर संदेश धाडणारी रेडिओ चिप) बहुधा एकच, म्हणजे एसएक्स१२६२, असल्यामुळे पल्ल्यात फरक शोधण्यात अर्थ नाही. पल्ला ठरतो तो अँटेनाच्या उंचीवर. खरा फरक विजेच्या भुकेत आहे. ईएसपी३२ वायफाय देतो, पण त्या बदल्यात बॅटरी भराभर रिकामी करतो. एनआरएफ५२ गटातल्या एनआरएफ५२८४० वर वायफाय नाही, ब्लूटूथवरच भागवावे लागते, मात्र तो कित्येक पट कमी वीज खातो. आषाढात चार-चार दिवस ऊन पडत नाही, म्हणून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावर, छोट्या सौर पॅनेलवर ठेवायच्या नोडसाठी मी एनआरएफ५२च निवडेन. घरात, चार्जरला जोडून ठेवायचा असेल तर स्वस्त ईएसपी३२ पुरे.

मांडणी दोन्हींची सारखीच. अँटेना जोडल्याशिवाय वीज देऊ नये, कारण तसे प्रक्षेपण झाल्यास चिप जळू शकते. मग ॲपमध्ये प्रदेश ‘भारत’ निवडावा. त्याशिवाय नोड प्रक्षेपणच करत नाही. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतो. हॉप, म्हणजे संदेशाने नोडमागून नोड घ्यायच्या उड्या, तीनच ठेवावेत. ‘राउटर’ ही, म्हणजे इतरांचे संदेश पुढे धाडत राहण्याची, भूमिका फक्त सड्यावरच्या नोडला द्यावी, कारण खालच्या घरांतले राउटर उगाच गर्दी करतात. खारी हवा जोड खाते, तेव्हा अँटेनाच्या सांध्यावर रबरी टेप घट्ट गुंडाळावी आणि केबलचे भोक डब्याच्या तळालाच पाडावे.